रकान्याची रुंदी

पहाटे साडेचारला अन्त्सिराबेत दूध येतं,
सायकलींना टांगलेल्या कॅनमधून, धुक्यातून.
बोटांवर फुंकर घालत मी संगणक उघडतो.
नाव, लिटर, रक्कम, शेरा:
चार स्तंभ, दोनशे बारा ओळी,
आणि आमच्या डोंगरातली नावं.
एकेक नाव म्हणजे अख्खं वाक्य,
आईबापांनी एका दमात उच्चारलेलं.

शेजारचा रकाना रिकामा असतो तोवर
लांब मजकूर खुशाल त्याच्या अंगणात पाय पसरतो.
तिथे आकडा येऊन बसला
की पाय गुडघ्यापासून गायब.
गायब नव्हे, आतच असतात, दिसत नाहीत इतकंच.
हे मी किती जणांना समजावणार?
आकडे मात्र मानी.
जागा अपुरी पडली तर अर्धंमुर्धं तोंड दाखवत नाहीत,
##### अशी जाळी ओढून घेतात.
नावांना तेवढाही पडदा नाही.

जूनच्या हप्त्याला
रासुआनान्द्रासाना वुलातियाना
आणि रासुआनान्द्रासाना वुलाहान्ता
छापील कागदावर दोघीही
‘रासुआनान्द्रासाना वुला’ एवढ्याच उरल्या.
एकेचाळीस लिटरचे पैसे एकीकडे गेले,
दुसरीकडे गाय होती, चारा नव्हता.

वुलाहान्ता आली. भांडली नाही.
नाव जिथे तुटलं होतं तिथे नख टेकवून म्हणाली,
“इथून पुढची मी कुठे आहे?”

पैसे त्याच आठवड्यात दुरुस्त झाले.
नख राहिलं.

मी स्तंभाच्या रेघेवर दोनदा टिचकी मारली:
नावं ऐसपैस झाली, रक्कम पानाबाहेर पडली.
मावेल इतकं लहान केलं:
अक्षरांची मोहरी झाली, म्हातारे कागद उन्हात नेऊ लागले.
रकाने जोडून पाहिले, तर क्रमवारीच रुसून बसली.
“अंथरूण पाहून पाय पसरावेत,” संचालक म्हणाले,
“एका पानात बसवा.”
त्यांचं स्वतःचं नाव
सहा रकाने जोडून मथळ्यावर
आडवं झोपलेलं आहे, उशीसकट.

ऑगस्टात आम्ही आजोबांना बाहेर काढलं,
सात वर्षांनी, थडग्याचा दगड सरकवून,
बाजा वाजत होता, मुलं ऊस खात होती.
नवं रेशीम आणलं होतं त्यांना गुंडाळायला,
लांबा म्हणतात आमच्याकडे.
कापड होतं तेवढंच, आजोबा आखूड झालेले.
मी सुरी उचलली, तर मोठ्या आत्याने मनगट धरलं:
“कापू नकोस. दुमड.”
आणि त्या जादा घडीत तिने
तंबाखूची पुडी खोचली,
वर माझ्या बहिणीला मुलगा झाल्याची बातमी,
कानाजवळ, हळूच.

सोमवारी कचेरीत
मी नावांचा अख्खा स्तंभ निवडला
आणि ‘मजकूर गुंडाळा’वर बोट ठेवलं.

यंत्र गुंडाळतं, पण त्याला अर्थ कळत नाही.
त्याने ‘नान्द्रा’ वर ठेवलं, ‘साना’ खाली टाकलं.
नान्द्रासाना म्हणजे वाट पाहिलेली.
ती मधेच मोडली
तर कुणी कुणाची वाट पाहायची?
मग मी प्रत्येक नावात शिरून
जिथे हाक मारणारा श्वास घेतो
तिथे हाताने ओळ मोडली.
दोनशे बारा श्वास. तीन रात्री.
ओळी उंच झाल्या, पानं सात झाली.
संचालक अजून बोलत नाहीत माझ्याशी.

आज हप्ता.
वुलाहान्ता पहिल्या ओळीवरून बोट नेते,
काठाशी थांबते,
मग भरलेला कॅन सांभाळत पायरी उतरावी
तशी खालच्या ओळीत उतरते.
शेवटच्या अक्षरावर बोट ठेवून
थोडा वेळ उभीच राहते.

“लिटर किती लिहिलंस?”
“अडतीस.”
“चाळीस,” ती म्हणते.